एकोणिसाव्या ओळीतलं टोपडं

निळं टोपडं सापडलं. रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, सहाव्या थांब्यापाशी, वाटेपासून वीतभर अंतरावर. आधी आत्याने पाहिलं, मग मी पाहिलं.

आता हे विसरायचं. निळं टोपडं सापडलेलं नाही. त्या रविवारी सहाव्या थांब्यापाशी एक बाई गुडघे दुखले म्हणून खाली बसली, यापलीकडे काहीही घडलं नाही. कार्यालयाच्या फाइलीत तसंच लिहिलंय, आणि फाइलीतलं ते खरं. डोळ्यांचं काय, ते काहीही बघतात.

तर जे घडलं नाही ते कसं घडलं नाही, ते सांगते.

मी वसंत-फेरीची शेपूट आहे. कागदावर 'सहायक मार्गदर्शक' असं लिहितात, पण काम शेपटाचंच. वसंतातले सहा आठवडे रोज सकाळी दहाला आम्ही लोकांना रानातून फिरवतो आणि फुलं नि प्राणी दाखवतो. दोन किलोमीटरची वाट, आठ थांबे, प्रत्येक थांब्यावर आकडा घातलेला खुंट. पुढे आत्या चालते आणि बोलते. मागे मी चालते आणि डोकी मोजते. बारा नेली तर बारा परत आणायची, एवढंच. एकदा बारा नेली आणि तेरा परत आली. तेरावा कोण, हे अजून कळलेलं नाही, पण त्याने अभिप्रायवहीत 'छान उपक्रम' असं लिहिलंय.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. बावीस वर्षांपूर्वी ही वाट तिनेच पाडली. म्हणजे रोज त्याच बाजूने चालत राहिली आणि शेवटी गवताने नाद सोडला. नोकरी लागल्यापासून मी तिच्याकडेच राहते. तिच्या घरात दोन खोल्या, एक ओटा आणि तीन गुडघ्यांचे पट्टे आहेत. गुडघे दोन आणि पट्टे तीन का, असं विचारलं तर म्हणते, "एक वाळत असतो ना."

ती दमलीय. मीसुद्धा दमलेय, पण माझा थकवा नवा आहे, तिचा मुरलेला. फुलं सुंदर असतात यात वाद नाही. पण तीच पिवळी बटणं विसाव्यांदा दाखवायची, लोकांनी विसाव्यांदा "अय्या!" म्हणायचं, आणि आपण जणू आत्ताच दिसली असा चेहरा करायचा, याने माणूस झिजतो. तिसऱ्या थांब्यावर एक ससा रोज त्याच दगडाशी बसलेला असतो. एकदा एका काकांनी विचारलं, "हा पाळलेला आहे का हो?"

"नाही," मी म्हटलं. "कंटाळलेला आहे."

आता मुख्य गोष्टीकडे येते, म्हणजे माझ्या चुकीकडे.

प्रत्येक फेरीत काय काय दिसलं याचा तक्ता भरायचा असतो. चोवीस ओळी. पहिली ओळ पिवळी बटणं, चोविसावी घुबड. दिसलं त्यापुढे बरोबरची खूण करायची, खाली ज्येष्ठ मार्गदर्शकाची सही, म्हणजे आत्याची. तक्ता भरायचं काम शेपटाचं. पहिल्या आठवड्यात मी तो चालता चालता भरत होते. सहाव्या दिवशी लिहिता लिहिता चरात पडले. मला बाहेर काढायला सगळी फेरी थांबली, आणि एका बाईंनी चरातला माझा फोटो काढून घेतला. दुसऱ्या दिवसापासून मी तक्ता घरीच भरायला लागले. सकाळी ओट्याशी उभं राहून, एका हाताने चहा ढवळत. पेन्सिल पहिल्या ओळीवर ठेवायची आणि सोडून द्यायची. घसरगुंडीवरून पोर सुटावं तशी ती सरळ चोविसाव्या ओळीपर्यंत जायची. चहा उकळायच्या आत रान बघून व्हायचं.

आत्या संध्याकाळी न वाचता सही करायची. आपल्या माणसाने लिहिलेलं काय वाचायचं?

घुबड रोज सकाळी दहा वाजता दिसतं, यावर कार्यालयात कुणालाही शंका आली नाही. पण एकोणिसाव्या ओळीत निळं टोपडं होतं.

निळं टोपडं हे अंगठ्याच्या नखाएवढं फूल. तान्ह्या बाळाच्या टोपड्यासारखं, कानांवरून ओढून घेतलेलं. हे मी पाहून सांगत नाही, कार्यालयाच्या भिंतीवरचं चित्र पाहून सांगते. प्रत्यक्षात ते फक्त आत्याने पाहिलं होतं, तेही एकदाच, वाट पाडली त्या पहिल्या वर्षी. पुन्हा कुणालाच दिसलं नाही. दर वसंतात ती सहाव्या थांब्याच्या आसपास थोडी हळू चालायची. लोकांना वाटायचं गुडघे. गुडघेही होतेच.

पाचव्या आठवड्यात पत्र आलं. आत्याचा चष्मा नेहमीप्रमाणे हरवला होता, म्हणून मी उभ्या उभ्या वाचून दाखवायला लागले. "ओळ क्रमांक १९ मधील दुर्मीळ वनस्पती चालू हंगामात सत्तावीस फेऱ्यांत आढळल्याचे..." इथपर्यंत वाचलं आणि माझा आवाज चपलेखाली आल्यासारखा झाला.

आत्याने हातातला पट्टा खाली ठेवला.

"सत्तावीस वेळा?" ती म्हणाली. तिचा चेहरा असा काही उजळला की मला पळून जावंसं वाटलं. "अगं कार्टे! सत्तावीस वेळा बघितलंस आणि मला एकदा हाक नाही मारलीस? कुठे? सहाव्यालाच ना? डाव्या बाजूला?"

मला विनोद करायची सवय आहे. कुठल्याही प्रसंगी काही ना काही सुचतं. त्या वेळी मी पत्राची घडी घातली.

"आत्या," मी म्हटलं, "मी तक्ता ओट्याशी उभी राहून भरते."

तिने माझ्याकडे बघितलं. मग ओट्याकडे बघितलं, जणू त्याच्यावरच एखादं फूल उगवलं असेल.

"चहा करताना?"

"हो."

"तरीच चहाला चव नसते," ती म्हणाली आणि पट्टा बांधायला लागली. पट्टा उलटा बांधला जात होता. मी सांगितलं नाही.

उरलेलं पत्र तिने स्वतः वाचलं. चष्मा डोक्यावरच होता. रविवारी तपासनीस येणार. फूल वाटेपासून पंधरा फुटांच्या आत आढळलं, तर नियमाप्रमाणे वाट पाच वर्षांसाठी बंद. आढळलं नाही, तर तक्ते खोटे, आणि ज्याची सही त्याचा मार्गदर्शकाचा बिल्ला जमा.

"म्हणजे सापडलं तर वाट गेली, आणि नाही सापडलं तर तू गेलीस," मी म्हटलं. "मी कार्यालयात जाऊन सांगते, खुणा माझ्या आहेत म्हणून."

"खुणा कुणाच्या हे कुणी विचारलंय? सही कुणाची हे विचारलंय."

"पण चूक माझी आहे ना!"

"तू शेपूट आहेस. कान पिळायचा तर तोंडाकडे यावं लागतं." मग म्हणाली, "आणि वाट बंद झाली तर काय होतं, ते तळ्यावर जाऊन बघ."

तळ्याची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. अकरा वर्षांपूर्वी तळ्याकाठी एक दुर्मीळ बेडूक सापडला. त्याला त्रास नको म्हणून तळ्याची वाट पाच वर्षांसाठी बंद केली. माणसं जायची थांबली तशी काठावर कमरेएवढी झुडपं माजली. बेडकाला उन्हात बसायला जागा उरली नाही, तो दुसऱ्याच वर्षी निघून गेला. वाट मात्र अजून बंद आहे. ती उघडायची तर बेडकाची पाहणी करावी लागते, आणि पाहणी करायची तर वाट उघडी लागते.

शनिवारी मी तिच्या गुडघ्यांना तेल लावून दिलं. न सांगता चहा केला, ओट्याकडे न बघता. तिने घोटभर पिऊन कप बाजूला ठेवला, पण नाव ठेवलं नाही. नाव ठेवलं असतं तर बरं वाटलं असतं.

रविवारी तपासनीस आला. मला वाटलं होतं एखादा करडा माणूस येईल. आला तो चाळिशीचा, डोळ्यांखाली पिशव्या, खांद्यावर पिशवी, पिशवीत मोजपट्टी आणि भिंग. आल्या आल्या त्याने विचारलं, "बसायला काही आहे का?" आठवड्यातली त्याची ही चौथी तपासणी होती. तिसरी एका कड्यावर झाली होती, गरुडाच्या घरट्याची. गरुडाला ती पसंत पडली नव्हती. त्याने कानामागचा ओरखडा दाखवला.

"तुम्हाला काही दिसलं नाही तर बरं, की दिसलं तर बरं?" मी विचारलं.

"मला लवकर संपलं तर बरं," तो म्हणाला.

त्या दिवशी बारा जण होते, तेरावा तपासनीस. आत्या पुढे. डोक्यावर तिची बारा महिन्यांची रुंद काठाची टोपी, टोपीच्या पुढच्या बाजूला पितळी बिल्ला. कपड्यांना भोक पडतं म्हणून तिने तो पहिल्या वर्षापासून टोपीवरच लावलेला आहे. आम्ही निघालो. पहिला थांबा, पिवळी बटणं, "अय्या!" दुसरा थांबा, सुतारपक्षी, म्हणजे त्याचा आवाज, म्हणजे कुणीतरी टकटक करतंय एवढं. तिसरा थांबा, ससा. ससा तपासनिसाकडे बघत राहिला आणि तपासनीस सशाकडे. दोघांनाही एकमेकांचं पटल्यासारखं वाटलं.

चौथ्या-पाचव्या थांब्यांच्या मध्ये आत्या नेहमीपेक्षा कमी बोलत होती. एका निवृत्त मास्तरांनी विचारलं, "या झुडपाचं नाव काय?" तर म्हणाली, "झुडूप." मास्तरांनी ते लिहून घेतलं.

सहाव्या थांब्यावर वाट वळते आणि किंचित चढते. वळणावर आत्याचा डावा गुडघा गेला. हे नाटक नव्हतं; कट्ट असा आवाज मला शेपटापर्यंत ऐकू आला. तिने खुंटाला धरलं आणि हळूहळू खाली बसली, वाटेच्या कडेला, गवतात. मी डोकी मोजायची सोडून पळत गेले.

"पाणी," ती म्हणाली. मी बाटली पुढे केली. तिने ती घेतली नाही. ती गवताकडे बघत होती.

बावीस वर्षं ती तिथून चालत गेली, उभ्याने. उभ्या माणसाला ते दिसणारच नव्हतं. पायरीवजा दगड होता, त्याच्या खालच्या अंगाला, लोकांच्या पावलांनी गवत झिजून जो ओलसर पट्टा झाला होता त्यात, बोटभर देठावर, नखाएवढं, निळं. कानांवरून टोपडं ओढून बसलेलं. एक नव्हे, तीन.

 आत्याने माझं मनगट धरलं आणि इतकं घट्ट दाबलं की नंतर दोन दिवस तिथे चार बोटं उमटलेली होती. मागून बुटांचा आवाज आला. तिने डोक्यावरची टोपी काढली आणि अलगद, जेवण झाकावं तशी, त्या तिघांवर ठेवली.

"काय झालं?" तपासनीस.

"गुडघा," आत्या म्हणाली. "जरा बसते."

"बसा, बसा." त्याला मनापासून हेवा वाटला असावा. तो स्वतःही समोरच्या दगडावर टेकला आणि त्याने कागद काढला. "तसाही हाच थांबा आहे. ओळ एकोणीस. बाई, ते फूल नेमकं कुठे आढळतं?"

आता बघा. तिने टोपी उचलली असती तर तक्ते खरे ठरले असते, बिल्ला राहिला असता, माझी लबाडी झाकली गेली असती. तिला दुर्मीळ फुलाची मानकरी म्हणून पत्रही मिळालं असतं. फक्त वाट गेली असती, आणि वाटेमागून, तळ्याच्या हिशेबाने, दोन वर्षांत ती तिघंही. मी तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली. इतकी थोडी, की माशी उडवल्यासारखं वाटावं.

"नाही आढळत," ती म्हणाली.

"एकदाही नाही?"

"या हंगामात नाही."

"साहेब, खुणा मी केल्यात," मी म्हटलं. "ओट्याशी उभी राहून. घुबडही खोटं आहे."

"घुबडाची तक्रार नाही," तपासनीस म्हणाला. त्याने सत्तावीस तक्त्यांची चळत उलटसुलट केली. "सही कुणाची आहे?"

"माझी," आत्या म्हणाली. "न वाचता केलेली. तसं लिहा."

त्याने लिहिलं. लिहिताना त्याला वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. पण वाईट वाटण्यासाठी कागदावर रकाना नव्हता. मग त्याने घसा साफ केला. "बिल्ला जमा करावा लागेल."

मी आत्याकडे बघितलं. आत्याने टोपीकडे बघितलं. बिल्ला टोपीवर होता.

"द्या, मी काढून घेतो," तपासनीस म्हणाला आणि उठायला लागला.

"बसा हो तुम्ही," आत्या म्हणाली. "दमलाय." आणि ज्या बाईला वाकून स्वतःची चप्पल घालता येत नाही, ती बाई दुखरा गुडघा मुडपून, कुशीवर कलून, टोपी जागची न हलवता बिल्ल्याची पिन सोडवायला लागली. पिन बावीस वर्षांत गंजली होती. सगळी फेरी भोवती जमली. मास्तर म्हणाले, "टोपी हातात घ्या, म्हणजे सोपं पडेल." एक बाई म्हणाल्या, "एरंडेल लावा पिनेला." त्यांच्या यजमानांनी विचारलं, "रानात एरंडेल कुठून आणू?" तिथून त्यांचं जे सुरू झालं ते आठव्या थांब्यापर्यंत चाललं. बरं झालं, लोकांचं लक्ष तिकडे गेलं.

पिन सुटली. आत्याने बिल्ला तळहातावर घेतला, अंगठ्याने एकदा पुसला आणि दिला. तपासनीस दोन्ही हातांनी घ्यायला पुढे झाला, घेतला आणि पिशवीत मोजपट्टीशेजारी ठेवला.

"आजूबाजूचे पंधरा फूट तपासायची पद्धत आहे," तो म्हणाला. "तुम्ही जरा उठलात तर..."

"मला उठवेल असं वाटत नाही," आत्या म्हणाली. "तुम्ही पुढे व्हा. मी येते मागून. आता काय, शेपटाच्याही मागे राहणारी मी."

त्याने एकदा टोपीकडे पाहिलं. अंमळ जास्तच वेळ पाहिलं, असं मला अजून वाटतं. मग त्याने मोजपट्टी काढली, आत्याला वळसा घालून बाकीचे पंधरा फूट मोजले आणि लिहिलं: 'आढळ नाही.'

पुढचे दोन थांबे मी पुढे चालले आणि बोलले. मागे कुणी नव्हतं, म्हणून डोकी मोजली गेली नाहीत. सगळे पोचले असावेत.

लोकांना निरोप देऊन मी परत गेले तेव्हा आत्या तिथेच होती. टोपी मांडीवर. ती त्या तिघांकडे नुसती बघत होती, कुणी पाहुणा दारात उभा राहावा आणि त्याला आत या म्हणायचं सुचू नये तशी.

"मी बावीस वर्षं त्यांच्या डोक्यावरून चालले गं," ती म्हणाली.

"म्हणून तर आहेत," मी म्हटलं. "गवत वाढू दिलं नाहीस."

"हं." मग हात पुढे करून म्हणाली, "मला उठव आता. खरंच उठवत नाहीये."

तिला उठवायला मला आठ मिनिटं लागली. मध्येच दोघी हसलो, तेव्हा पहिल्यापासून करावं लागलं.

यापुढचं थोडक्यात. बिल्ला मला मिळाला; खुणा कुणाच्या होत्या, हे कार्यालयाने शेवटपर्यंत विचारलं नाही. शेपूट सध्या रिकामं आहे. आत्या कामावर नाही, तिला फेरीत बोलायला मनाई आहे. म्हणून ती तिकीट काढून येते, मागून चालते आणि सवयीने डोकी मोजते. सहाव्या थांब्यावर ती वीस मिनिटं खाली बसते. त्यावर दोन तक्रारी आल्या आहेत: 'एक वयस्कर बाई वाटेत बसतात व हलत नाहीत.' त्यांना समज दिल्याची नोंद मी केली आहे. रात्री जेवताना समज दिली. तिने मीठ मागितलं.

तक्ता मी आता रानातच भरते, एकेक ओळ बघून. घुबड एकदाही दिसलेलं नाही. पेन्सिल अठराव्या ओळीपर्यंत बरी चालते, मग ती हाताने उचलून विसावीवर न्यावी लागते. आधी न बघता 'दिसलं' लिहीत होते, आता रोज बघून 'नाही' लिहिते. दुसऱ्यानेच जास्त दमायला होतं. शिवाय परवा एक टोपडं वाटेच्या बरोबर मध्ये उगवलं. बारा जणांना त्याच्या बाजूने वळवताना मला सांगावं लागलं की तिथे मुंग्यांचं वारूळ आहे. मास्तर पुन्हा आले होते, त्यांनी तेही लिहून घेतलं. हे असं जास्त दिवस चालणार नाही. म्हणून काल कार्यालयाला रीतसर अर्ज दिला. त्याची प्रत खाली जोडली आहे.

*विषय: ओळ क्र. १९ मधील वनस्पतीच्या वर्तनाबाबत.*

*महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून नम्र विनंती की, सदर वनस्पती आमच्या वाटेवर आढळलेली नाही. तथापि, ती ज्या प्रकारे आढळत नाही त्यामुळे फेरीच्या कामकाजात अडथळा येत आहे. तरी सदर वनस्पतीने पुढील हंगामापासून वाटेच्या मध्यभागी न आढळता वाटेच्या डाव्या कडेला, सहाव्या खुंटापासून दोन हातांच्या आत, खाली बसलेल्या व्यक्तीस दिसेल व उभ्या व्यक्तीस दिसणार नाही अशा उंचीवर न आढळावे, याबाबत तिला आपल्या स्तरावरून लेखी समज देण्यात यावी. तसेच खाली बसलेल्या व्यक्तीचे दोन्ही गुडघे सदर कामासाठी आणखी किमान दहा हंगाम मंजूर करण्यात यावेत, ही विनंती.*